हात न टेकता

मी एक बिनहाताची खुर्ची बोलतेय. फार दमले आहे, म्हणून जरा हळू बोलेन.

सुताराने मला पाठ दिली, चार पाय दिले, पण हात दिले नाहीत. त्याच्या दुकानातल्या बाकीच्या खुर्च्या माझ्याकडे पाहून म्हणत असतील, बिचारी अर्धवटच राहिली. पण मला मुद्दाम तशी केली होती. माणूस म्हातारा कसा होत जातो, हे मोजून अभ्यासायला शिकवणारी एक संस्था होती. तिथल्या बाईंनी माझी उंची सांगून मला करून घेतलं होतं.

माझं काम सोपं होतं. आजी-आजोबांनी माझ्यावर बसायचं, हातांची छातीवर घडी घालायची. घड्याळ सुरू झालं की हात न टेकता उठायचं, ताठ उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं. अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल, तितका पायांत जोर. अर्धवट उठलेलं मोजणीत धरायचं नाही. लोक खुर्ची करतात ती निवांत बसायला. माझ्या नशिबी मात्र नुसती उठाबस आली.

हळूहळू मी माणसं वजनावरून ओळखायला लागले. कुणी घाबरत कडेला टेकायचं, कुणी धपकन अंग टाकायचं. एक आजी तर बसण्याआधी मला विचारायच्या, "येऊ का गं?"

शिकायला आलेल्या मुलींमध्ये एक ताई होती. सरासरी आणि टक्केवारी ती चुटकीसरशी काढायची. मन मात्र लोण्यासारखं. समोरचा माणूस थकला की हिचाच चेहरा उतरायचा.

एकदा तिच्यासमोर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आले. सोबत त्यांची सून होती. संस्थेत पायांच्या व्यायामाचा वर्ग चालायचा. तिथे जागा थोड्या, म्हणून ज्यांचा आकडा कमी त्यांना आधी घ्यायचे. आजोबांना मात्र कमी आकडा नकोच होता. आकडा कमी आला, तर सून आपल्याला दुकानाचा जिना चढू देणार नाही, अशी त्यांना धास्ती होती.

"सूनबाई, बघ हं आता," ते बसता बसताच म्हणाले, "पाय अजून शाबूत आहेत."

"बघतेय बाबा. आधी हात छातीवर घ्या."

"आणि पोरी, तुझं ते घड्याळ पुढे पळतंय. दे इकडे, नीट करून देतो."

"आधी उठा तर, आजोबा," ताई हसून म्हणाली.

सुरुवातीला ते छान उठले. मग पाठ सरळ होईना. वीतभर उठायचे आणि उभे न राहताच माझ्यावर आदळायचे. माझे सांधे करकरायचे. ताई तोंडातल्या तोंडात मोजत होती, आणि तेही धरत होती.

"शाब्बास आजोबा!"

आकडा चांगला आला. आजोबांनी मैदान मारल्यासारखं सुनेकडे पाहिलं. पण त्या आकड्यामुळे त्यांना व्यायामवर्गात जागा मिळाली नाही.

संस्थेत एक रीत होती. एकाच माणसाला दोघींनी न बोलता वेगवेगळं मोजायचं आणि मग ताळा जुळवायचा. एका दुपारी बाई ताईच्या मागे येऊन बसल्या. ताळा काही केल्या जुळेना. ताईचा आकडा प्रत्येक वेळी जास्त, आणि ज्याचे पाय सगळ्यात थकलेले त्याचा तर फारच जास्त.

"तुझ्या हाताखाली सगळे तरुणच होतात की गं," बाई म्हणाल्या.

"बाई, ते किती धडपडतात! ते वाया गेलं असं कसं म्हणू?"

"दया आली तर चहा पाज. आकड्यात घालू नकोस. ज्यांना व्यायाम हवा होता, त्यांनाच तू धडधाकट ठरवलंस."

सगळे गेल्यावर ताई माझ्यावर येऊन बसली. पहिल्यांदाच. तिच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं, तरी बराच वेळ तिला उठता येईना.

मग तिने मोजलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं. घड्याळवाले आजोबा आले ते कुरकुरतच. या वेळी ते वीतभर उठून आदळले, तेव्हा ताई गप्प राहिली.

"हे धरलं नाहीस?"

"नाही आजोबा."

"मागे धरलं होतंस."

"माझं चुकलं होतं. पूर्ण उभं राहिलात तरच धरायचं असतं."

आजोबांनी छातीवरचे हात सोडले आणि माझी कड घट्ट पकडली. सुनेकडे त्यांनी पाहिलंच नाही. शेवटी तीच जवळ आली.

"बाबा, दुकान बंद करा असं मी कधी म्हटलंय का? जिन्यात पडाल म्हणून जीव घाबरतो, एवढंच."

आजोबांनी माझी कड सोडली. मग पुटपुटले, "मागे पडणाऱ्या घड्याळाचे नुसते काटे सरकवून भागत नाही. उघडावंच लागतं." आणि ताईकडे वळून म्हणाले, "कधी असतो गं तुमचा तो वर्ग?"

तेव्हापासून बाई प्रत्येक तुकडी सुरू होण्याआधी सगळंच तपासू लागल्या. घड्याळ, मोजायची फीत आणि मीसुद्धा. एकदा फीत लावली, तर माझी बैठक बोटभर खचलेली निघाली. खुर्ची बुटकी झाली की उठणं जड जातं आणि आकडे चुकतात. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला खोलीबाहेर काढायला सांगितलं. म्हातारपणाचा अभ्यास चालतो त्या खोलीत मला म्हातारं व्हायची मुभा नव्हती. मला राग नाही आला. मोजणं खरंच असायला हवं, हे मी ताईबरोबरच शिकले होते.

आता मी दाराबाहेर, चपलांच्या शेजारी असते. व्यायामवर्ग सुटला की घड्याळवाले आजोबा माझ्यावर बसून बूट घालतात. पाय थोडे सुधारलेत, फार नाही. जिन्याला आता कठडा बसवलाय, असं परवा ते कुणाला तरी सांगत होते. मग ते माझ्यावर दोन्ही हात टेकतात. त्यांचे गुडघे वाजतात, माझे पाय वाजतात आणि आम्ही मिळून त्यांना उभं करतो.

हे कुणी मोजत नाही. तुम्हीही येता-जाता दमलात, तर बसा माझ्यावर. उठताना खुशाल हात टेका.