सतरा नंबरची बाबागाडी

आर्हुस शहरातल्या आमच्या थिएटरात बुधवारी सकाळी आयांसाठी खेळ असतो. इथल्या रीतीप्रमाणे बाळं बाहेर थंडीत बाबागाड्यांत झोपतात; एखादं रडलं की त्याच्या गाडीचा नंबर पडद्यावर येतो. त्या दिवशीचा सिनेमा एका खुन्याचा होता, पण धड भीती वाटेना, धड हसू येईना. खुनी प्रत्येक प्रेताजवळ आकडा लिहायचा. पडद्यावर सतरा उमटला.

"झालं, सतरावा मुडदा!" मी मैत्रिणीला, सिडसेलला म्हणाले.

"अगं बाई, सतरा म्हणजे तुझा आस्गर!"

मी धावत सुटले. बाहेर तिकीटवाल्या आजी गाडी हलवत होत्या.

"घाबरू नकोस पोरी, पायमोजा निघालाय नुसता."

आस्गरचा गार पाय मी मुठीत धरला. तो हसला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.