फाटकावरची निळी वर्दी

मित्रांनो, खांद्यावर लाल दोरी आणि छातीवर दोन खिसे असलेली मी एक जुनी निळी वर्दी आहे. नागपूरजवळच्या बेसातल्या एका वसाहतीच्या फाटकावर माझं आयुष्य गेलं. इतवारीतल्या शिंप्यानं मला शिवलं, त्याच्या कितीतरी आधी इथे नुसते शेतांचे धुरे-बांध होते. कोणीही कुठूनही येई-जाई. पुढे इमारती आल्या, फाटक आलं, आणि मग मी आले.

मला अंगात घालायचा नत्थू. मूळचा खाप्याचा, साधा माणूस. वसाहतीतल्या सिंधूताईंकडे घरकाम करणारी प्रेमिला त्याच्याच गावची. दोघं गप्पा मारत कामावर यायची. पण माझं गळ्याचं बटण लागलं, की नत्थूचा आवाज बदलायचा. चांगल्या कपड्यातल्याला सलाम, मळक्या कपड्यातल्याची पिशवी तपासायची. "नत्थू फार चोख आहे," असं लोक म्हणत, आणि मी फुशारून जायचे.

एका सकाळी प्रेमिला कामं उरकून निघाली. खाप्याला तिच्या मुलीचं, मायाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. अंगावर जांभळी रेशमी साडी होती. नत्थूचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला.

"थांब वं. ही साडी कोणाची?"

"सिंधूताईनं देली. काहून, मले शोभत नाही का?"

"त्या कुठं हायेत?"

"धंतोलीले गेल्या, डोळे दाखवाले. नत्थूभाऊ, माही बस सुटून राहिली. पोरीची ओटी भरायची हाय."

"त्या येऊन सांगतील, मग जा."

सिंधूताईंचा फोन लागेना. प्रेमिला पायरीवर बसून राहिली. येणारेजाणारे साडी न्याहाळत. रोजच्या विटक्या साडीतली प्रेमिला प्रामाणिक होती, रेशमात ती चोर ठरली. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.

दोन तासांनी सिंधूताई आल्या. "मीच नेसवली तिला," त्या म्हणाल्या. प्रेमिला पदर सावरत बसकडे धावली. ती पोचेपर्यंत मायाची ओटी मावशीनं भरली होती, असं नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात नत्थूची सुट्टी होती. बदलीवर आलेल्या अंकुशनं मला घातलं. विसरलेला डबा न्यायला नत्थू लुंगी-बनियनवर आला.

"कोणाकडं जायचं हाय?" अंकुशनं अडवलं.

"अबे, मी इथला वॉचमन हाय."

"वॉचमन असा रायते का गा?"

"थे वर्दी माहीच हाय."

"माह्या अंगात हाय नं? मंग माही. बाजूले बस."

नत्थू त्याच पायरीवर बसला. तेवढ्यात काम आटोपून प्रेमिला बाहेर आली. ती तशीच पुढे जाईल, असं मला वाटलं. ती थांबली.

"सोड गा त्याले. आमच्या खाप्याचा हाय."

नत्थूनं मान वर केली नाही.

तेव्हापासून तो माझं गळ्याचं बटण लावत नाही. सेक्रेटरी रागावतात, तो नुसती मान हलवतो. आता माझा रंग उडालाय, नव्या वर्द्या शिवायला टाकल्यात. आतल्या माणसाला मीच बदलते की काय, असा मला अजून माझाच संशय येतो. मित्रांनो, त्या नव्या वर्द्या धुवा, इस्त्री करा, खुशाल मिरवा. फक्त गळ्याचं बटण उघडं राहू द्या. आतल्या माणसाचा आवाज तिथूनच बाहेर येतो.