एलुबीमावशीच्या कोंबड्या

शिरे नदीकाठच्या बांगुला गावात चर्च गोरगरीब कुटुंबांसाठी एक केंद्र चालवत असे. तिथे दर शनिवारी सकाळी मका-सोयाच्या पिठाची पेज शिजायची आणि ती वाढायची पळी एलुबीच्या हातात असायची. अकरा वर्षं झाली होती या गोष्टीला. बाई विधवा, साठी उलटलेली. डोक्याला पांढरा रुमाल, आवाज करडा. रांग मोडणाऱ्याची ती गय करत नसे, मग तो पोरगा असो की पोराचा बाप. सेवा देवाची, तिचा मोबदला घ्यायचा नाही, असं ती मानायची. म्हणून त्या पेजेचा एक घोटही तिने कधी घेतला नव्हता.

त्या फेब्रुवारीत शिरे नदीला पूर आला आणि काठावरचं तिचं मक्याचं शेत गाळाखाली गेलं. घरातल्या कणगीने आधीच तळ गाठला होता. दोन्ही मुलगे जोहान्सबर्गला. त्यांचे फोन वर्षभर लागत नव्हते. एप्रिलमध्ये ती एका वेळच्या न्सिम्यावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीवर आली, मग तेही एक दिवसाआड. कोणाला कळू दिलं नाही. ज्या हाताने वाढलं, तोच हात पसरायचा कसा?

त्याच सुमारास शनिवारी सगळे पांगले की ती मोठ्या पातेल्याची खरवड काढून केळीच्या पानात बांधून न्यायला लागली.

"कोंबड्यांना होते," ती म्हणाली. खरं तर कोणी विचारलंच नव्हतं.

एनिफा तेव्हा तिथेच भांडी घासत होती. तीन लेकरांची आई, नवरा मोझांबिकला जातो म्हणून गेला तो गेलाच. पेजेच्या रांगेतली ती जुनी बाई. तिची खोली एलुबीच्या घराच्या मागेच होती, आणि एलुबीने शेवटच्या दोन कोंबड्या मार्चमध्येच बाजारात विकल्याचं तिने पाहिलं होतं. दोन शनिवार ती गप्प बसली. तिसऱ्या शनिवारनंतर, मंगळवारी दुपारी, तिने एलुबीच्या अंगणात उभं राहून, कोणाच्या दारी गेल्यावर घालतात ती साद घातली.

"ओडी! मावशी, आहात का?"

एलुबी ओट्यावर भोपळ्याचा पाला निवडत बसली होती. एनिफाने डोक्यावरचं गाठोडं उतरवून तिच्यापुढे ठेवलं.

"काय हे?"

"पीठ. तुमच्या कोंबड्यांना."

एलुबीचा चेहरा ताठ झाला. "टोमणे मारायला आलीस?"

"टोमणे फुकट मारता येतात, मावशी. त्यासाठी चौदा घरं कोण हिंडेल?"

"चौदा घरी माझा बोभाटा केलास?"

"बोभाटा कशाला करायला हवा? पानाचं पुडकं वाटेवर सगळ्यांना दिसतं. रांगेतल्या एकेकीने ओंजळ-ओंजळ घातलीय. फॅनेसीने दोन घातल्या. जोडीला कुरकुरही दिली, ती मी वाटेत टाकून आले."

एलुबी हसली नाही. "उचल ते. तुमच्या पोरांच्या तोंडचं मी खाऊ?"

एनिफा ओट्याच्या कडेला बसली. तिचा आवाज चढला नाही.

"मी पहिल्यांदा केंद्रात आले ना, तेव्हा दारातून दोनदा परत फिरले होते. तिसऱ्यांदा तुम्ही मला हेरलंत. म्हणालात, लाजून पोट भरत नाही, वाटी पुढे कर. माझ्या लाजेचं काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत. मीही तुमच्या लाजेचं विचारणार नाही."

एलुबीने निवडलेला पाला बाजूला सारला. म्हणाली, "घरात पाणी नाही. माझ्याच्याने बादली उचलवत नाही आता."

एनिफा बोअरवेलवरून पाणी घेऊन आली. तिनेच चूल पेटवली, न्सिमा घोटला. एलुबीने पहिले घास भराभरा गिळले. तेवढा वेळ एनिफा रस्त्याकडे बघत बसली.

पुढच्या शनिवारी एलुबी केंद्रात आली, पण भरलेली पळी तिला पेलेना. तिने ती एनिफाच्या हातात दिली आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. पाद्री लगबगीने आले.

"मावशी, तुम्ही इथे कशाला? आत बसा, तुमची वाटी आत पाठवतो."

"रांगेत बरी आहे मी."

एनिफाने तिला इतरांना वाढली तेवढीच पेज वाढली, थेंबभरही जास्त नाही. एलुबी बाकावर बसली, एक घोट घेतला आणि थांबली.

"यात मीठ नाही. मला वाटायचं, खरवडच तेवढी अळणी लागते."

"कधीच नसतं," एनिफा म्हणाली.

"अकरा वर्षं?"

"मला सातच ठाऊक आहेत."

"मग कोणी बोललं का नाही?"

"फुकटच्या पेजेला नावं कोण ठेवणार, मावशी? तेही तुमच्यासमोर?"

एलुबीने वाटी पुसून संपवली. मग तडक पाद्रींकडे गेली आणि पुढच्या शनिवारी मीठ नसेल तर चूल पेटणार नाही, असं त्यांना बजावून आली.

पूर ओसरल्यावर नदीकाठच्या ओलीवर लावलेला मका ऑगस्टमध्ये हाती आला, तिच्या घरी पुन्हा दोन वेळची चूल पेटू लागली आणि पळीही तिच्या हातात परत आली. पण शेवटची वाटी वाढून झाली की ती स्वतःसाठीही एक भरून घ्यायची आणि एनिफाशेजारी बाकावर बसून प्यायची. चर्चच्या महिला मंडळात काही जणींना हे खटकलं. सेवेकऱ्याने असं खाऊ नये, असं त्या आपसात बोलल्या. एलुबीच्या ते कानावर आलं. तिने खाणं सोडलं नाही.