नमुन्याची प्रत

धाकट्या बहिणीच्या रॉक बँडची नवी रेकॉर्ड चष्मेवाल्याने जेमतेम अर्धी बाजू ऐकली आणि त्याचं तोंड कडू झालं. नासलेल्या दुधाचा घोट तोंडात गेलाय आणि थुंकायला जागा नाही, तशी त्याची गत झाली. ही काय गाणी झाली? ड्रम पत्र्यावर खडे पडल्यासारखे, गिटारची नुसती कचकच, आणि त्यावर बहिणीचा आवाज, फाटका आणि फुसफुसणारा. शब्दात 'स' आला की कानात कोणी काडी फिरवतंय असं वाटायचं. त्याने सुई उचलली आणि रेकॉर्ड कव्हरात घातली. पुढचं ऐकायची त्याला किळस आली होती.

तसा हा माणूस रेकॉर्डींच्या बाबतीत जगावेगळाच. घरात नऊशे रेकॉर्डी, एकेक स्वतःच्या हाताने धुतलेली, कडेला धरूनच उचलायची, बायकोने त्या कपाटाकडे बोटही करायचं नाही. "माझा वाढदिवस विसरतील," बायको म्हणायची, "पण कुठली रेकॉर्ड कधी धुतली ते झोपेतून उठवून विचारा." दुसऱ्याच्या घरी धुळकट रेकॉर्ड दिसली तरी याच्या कपाळावर आठी.

पण या वेळी प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कित्येक महिने ती वहीत लिहून बोलायची. मग हळूहळू गायला लागली आणि पहिल्यानंतर अकरा वर्षांनी बँडचा दुसरा अल्बम तयार झाला. रेकॉर्डी काढणाऱ्या कारखान्याने आधी नमुन्याच्या चार प्रती पाठवल्या होत्या. त्या पसंत पडल्या तर बाकीच्या काढायच्या. तीन प्रती बँडमधल्यांनी घेतल्या, चौथी तिने दादाच्या चष्म्याच्या दुकानात आणून दिली.

"बाकीचे मला बरं वाटावं म्हणून बोलतात," ती म्हणाली होती. "तू तोंडदेखलं बोलणारा नाहीस. गळा राहिलाय की गेलाय, तेवढं सांग. गेला असेल तर गाणी दुसरी कुणी गाईल."

घाईने निकाल द्यायला नको म्हणून त्याने बँडचा पहिला अल्बम काढला. आहाहा, काय तो आवाज. आठवडाभर रोज दुकान बंद करून घरी आला की तो अल्बम लावायचा आणि चडफडायचा. कुठे हे गाणं आणि कुठे तो कचरा. आठव्या दिवशी त्याने फोन केला.

"गळा गेलाय गं," तो म्हणाला. "गंजलेली कडी ओढल्यासारखा लागतो. लोकांसमोर आणू नकोस, हसं होईल."

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आपण स्पष्ट बोललो याचं त्याला, खोटं कशाला सांगा, थोडं कौतुकच वाटलं.

पंधरा दिवसांनी त्याने जुन्या बाजारातून एका गायिकेची न वाजवलेली रेकॉर्ड आणली. धुतली, पुसली, लावली. तीच कचकच. तोच कानात काडी घालणारा 'स'. त्याने प्लेअरची सुई काढली, खिशात टाकली आणि दुकानात जाऊन भिंगाखाली धरली. सुईचं टोक गोल असायला हवं. ते सुताराच्या पटाशीसारखं सपाट झालं होतं. सहा वर्षं त्याने सुई बदललीच नव्हती. नऊशे रेकॉर्डी धुणाऱ्याला हे सुचलं नाही. शिवाय रोज दुकानात तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, की नजर हळूहळू जाते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

नवी सुई बसवून त्याने आधी पहिला अल्बम लावला. खरखर, नुसती खरखर. सपाट सुईने आठवडाभर खरवडून आवाजाचं वाटोळं केलं होतं. इतके दिवस तो हा अल्बम ऐकत नव्हताच, पाठ होता म्हणून नुसता आठवत होता. मग त्याने नमुन्याची प्रत लावली. तिची अर्धीच बाजू आणि तीही एकदाच वाजली होती, म्हणून वाचली होती. सुरुवातीला थोडी खरखर लागली, पुढे आवाज स्वच्छ होत गेला. बहिणीचा गळा आता खाली उतरला होता, जाड झाला होता, पण भरलेला होता आणि सुरात होता. दोन्ही बाजू संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

तो तसाच बहिणीच्या घरी गेला. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सुईचं, भिंगाचं, पहिल्या अल्बमचं. काही लपवलं नाही.

"या प्रती नकोत म्हणून कारखान्याला कळवलं मी," ती म्हणाली. "माझ्या जागी नवीन मुलगी दोन दिवसांपासून गाणी रेकॉर्ड करतेय."

"थांबव ते. अगं, सुंदर झालंय. तुझा गळा शाबूत आहे. मी आत्ता ऐकून आलोय."

तिने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून घडी घातली.

"दादा, आता तू दुसरं काय म्हणणार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाकीचे तिघंही सुंदरच म्हणत होते. त्यांचं खरं वाटेना म्हणून तर तुझ्याकडे आले होते."

तो घडी घातलेली चादर धरून उभा राहिला. तिने पुढची चादर उचलली.