मुठीतला गंज

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, जपानातल्या बिझेनमधल्या एका घरात, माझ्या गंजावर पॉलिश पेपर फिरला. सहा वेळा.

मी एक जुनी तलवार आहे, मित्रांनो. वय साडेचारशे वर्षे. माझे पाते चकचकीत हवेच. पण मुठीत दडलेला भाग कुणी घासत नाही. घडवणाऱ्याने तिथे आपले नाव कोरले, त्यावर काळा गंज चढत गेला. त्या गंजावरूनच जाणकार माझे वय ओळखतात.

किनुएबाईंचे दिवंगत यजमान मला अस्सल म्हणत. "जत्रेत घेतली असेल," असे शेजारी त्यांच्या तोंडावर म्हणत. यजमान गेले आणि बाईंनी मला अस्सल-नकली ठरवणाऱ्या तोक्योच्या परीक्षकांकडे पाठवायचे ठरवले.

जावई मासानोबू हौशी. आदल्या दिवशी त्याने माझ्या मुठीजवळची, उडत्या हंसांची लोखंडी चकती घासून ताटासारखी लख्ख केली. तिचे काळेपण चार पिढ्यांनी फडक्याने पुसून पुसून आणले होते. बाईंनी त्याला शाबासकी दिली. मग दुसऱ्या सकाळी त्याने माझी मूठ काढली आणि कागद हाती घेतला.

पाती उजळणारे हिसामोरी मला न्यायला आले, ते दारातूनच ओरडले, "टाका तो कागद!"

"अहो, घाण तलवार पाठवायची? नाक कापलं जाईल आमचं," मासानोबू म्हणाला.

"ते तुम्हीच कापलंत! तीन अक्षरांतलं शेवटचं बघा कसं चमकतंय. परीक्षक म्हणतील, नाव काल कोरलं."

मासानोबू चाचरला. "चहाच्या पाण्यात बुडवू? काळं पडतं म्हणे."

"जावईबापू," किनुएबाई म्हणाल्या, "ह्यांना लोक जन्मभर खोटं म्हणाले. आता मी खरंच खोटं करून पाठवू?"

"मग परीक्षकांच्या अर्जात काय लिहू?" हिसामोरींनी विचारले.

"घडलं ते. तारीख, वेळ. आणि शाबासकी मी दिली, तेही."

त्यांनी तसेच लिहिले.

मित्रांनो, मला दया नको. म्यान कोरडे ठेवा, पात्याला तेल लावा. मुठीतल्या गंजाला मात्र हात लावाल तर खबरदार! तो मी साडेचारशे वर्षे कमावला आहे. अक्षर चमको नाहीतर पुसले जावो, मी अस्सल आहे.

तोक्योत आज माझा अकरावा दिवस. तीन परीक्षकांनी मला पाहिले आणि पुढच्याकडे दिले. दुपारी चौथ्याने मूठ काढली, अर्ज वाचला, भिंग लावले. तो अजून त्या तिसऱ्या अक्षरावरच आहे.