कोंड्यातलं नाव

मुलुंडच्या कर्णिकांच्या घरामागे, न्हाणीघराला टेकून, पत्र्याची एक खोली होती. त्या खोलीत परब राहत. दत्ताराम परब आधी परळच्या गिरणीत होता. ती नोकरी गेली तसा भांडुपच्या एका कारखान्यात लागला. त्याची बायको सुगंधा कर्णिकांची धुणीभांडी करी आणि त्यापोटी खोलीचं भाडं माफ होतं. कर्णिक मंडळी हे उपकार म्हणून चारचौघांत सांगत आणि सुगंधा खाली मान घालून ऐकून घेई. मनात काय ठेवावं, यावर मात्र कर्णिकांचा ताबा नव्हता.

एकावन्न साली सुगंधाला मुलगा झाला. त्याचं नाव तिने स्वतःचं लग्न व्हायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. परळला तिच्या शाळेच्या वाटेवर एक दवाखाना होता आणि त्यावर डॉक्टर शरच्चंद्र अमुकतमुक अशी पाटी होती. ती पाटी रोज वाचून वाचून सुगंधा जोडाक्षरं शिकली. चौथीत शाळा सुटली, पाटी काही डोक्यातून सुटली नाही. आपल्या पोराचं नाव पाटीवर शोभेल असं असावं, एवढंच तिला हवं होतं. दत्तारामला मात्र आपल्या वडिलांचं नाव हवं होतं. त्याचे वडील धोंडू परब नुकतेच गावी वारले होते, आणि आजाचं नाव नातवाला जावं ही त्यांच्याकडची रीत.

"बापाशीचा नाव आसा," तो म्हणाला. "तेच्यात वायट काय?"

"वाईट काही नाही. पण हमालाला हाक मारल्यासारखं वाटतं."

हे बोलताना सुगंधाला लाज वाटली नाही. वाटायला हवी होती. सासऱ्याने तिला पोटच्या मुलीसारखं वागवलं होतं आणि जन्मभर बोटीच्या धक्क्यावर ओझीच वाहिली होती. तिसऱ्या दिवशी दत्ताराम म्हणाला, "बरा, तुझाच खरा."

बारशाचं आमंत्रण द्यायला सुगंधा वर कर्णिकांकडे गेली. नंदकुमार कर्णिक फोर्टातल्या कचेरीत गेले होते. त्यांची बायको पद्मजा चहा पीत बसली होती. लग्नाला तिच्या दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

"नाव काय ठेवणार गं?"

"शरच्चंद्र."

पद्मजाने कप खाली ठेवला. "शरच्चंद्र परब," ती म्हणाली, आणि हसली. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात, भाजीवाल्याने भलताच भाव सांगितल्यावर हसतात तसं. "अगं, नावाला घर लागतं. उद्या हा कारखान्यात ओझी उचलायला लागला की मुकादम काय हाक मारेल त्याला? शरच्चंद्रराव, जरा पोतं उचलता का?"

सुगंधाने या वेळी मान खाली घातली नाही. तेव्हा पद्मजाचं हसू आटलं.

"आणि ते नाव आमच्याकडे कधीचं ठरलंय. आमच्या पहिल्या मुलाचं. भांडी घासताना ऐकलं असशील तू."

म्हणजे चोरलंस. भांडी घासणारी बाई चमचा चोरत नाही तर नाव चोरते. दवाखान्याची पाटी सुगंधाच्या ओठांवर आली होती, पण कर्णिकांच्या दिवाणखान्यात ती पाटी कुणी खरी मानली नसती.

संध्याकाळी नंदकुमारांनी दत्तारामला बोलावून घेतलं. ते आवाज चढवून बोलत नसत. त्यांना गरजच पडत नसे. "दत्ताराम, एका अंगणात दोन शरच्चंद्र कसे चालतील, तूच सांग. जमत नसेल तर दुसरी खोली बघ. आमचा राग नाही हो." दत्तारामने मान डोलावली. त्याला आयतंच हवं ते नाव मिळत होतं, पण ते असं मिळावं हे त्यालाही कडू लागलं.

बारशाला नणंदेने बाळाच्या कानात 'धोंडू' म्हटलं. बायकांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि सुगंधाची मोठी पंचाईत झाली. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नसतं. त्यामुळे स्वतःच्या मुलाला हाक मारायला तिच्याकडे नावच उरलं नाही. ती त्याला नुसतं 'झिला', म्हणजे पोरा, एवढंच म्हणे. बाकी सगळं अंगण त्याला धोंडू म्हणे, दूधवाला म्हणे, पुढे शाळेतले मास्तर म्हणू लागले. सगळ्यांत जास्त पद्मजा म्हणे. धोंडू, मांजर हाकल. धोंडू, चपलांना हात लावू नको. प्रत्येक हाकेला सुगंधा राखेचा हात भांड्यावर जरा जास्तच जोरात फिरवी. कर्णिकांची पितळेची भांडी त्या वर्षांत सोन्यासारखी लखलखत, आणि त्याचंही श्रेय पद्मजा आपल्या शिस्तीला देई.

मग कर्णिकांच्या घरावर वाईट दिवस आले. पद्मजाचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला. शरच्चंद्र नाव ठेवलेला. दुसरा बारशापर्यंतही टिकला नाही. सुगंधाला आनंद झाला नाही. ती काही राक्षसीण नव्हती. पण ती रडलीही नाही. दोन्ही वेळा तिने मुकाट्याने बाळंतिणीची धुणी धुतली.

तिसरा मुलगा झाला तेव्हा नंदकुमारांची आई, रुक्मिणीबाई, पेणहून आल्या आणि त्यांनी घराचा कारभार हातात घेतला. "मोठी नावं ठेवता आणि मुलं घालवता," त्या सुनेला म्हणाल्या. "हे मूल हलक्या घरच्या बाईच्या ओटीत टाकायचं. सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत घ्यायचं. ती देईल ते नाव. दगडू म्हणो, भिकू म्हणो, तेच ठेवायचं. हलक्या नावाकडे यम ढुंकून बघत नाही."

मागच्या दारात केर काढत असलेल्या सुगंधाला हे सगळं ऐकू आलं. म्हणजे यमही घराणं बघून येतो, तिला वाटलं. तोही कर्णिकांच्याच ओळखीतला दिसतो. नवससायासांची टर उडवणारे नंदकुमार त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत. स्वतः पिशवी घेऊन गिरणीवर गेले आणि कोंडा घेऊन आले.

दुपारी पद्मजा खाली आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा परबांच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. "सुगंधा, एवढं कर माझ्यासाठी," ती म्हणाली. "तुझा धोंडू बघ कसा धडधाकट आहे. तुमच्यातली मुलं टिकतात गं, कशीही वाढवली तरी."

भीक मागतानाही तिचा हात वरच होता. सुगंधाच्या तोंडावर 'नाही' आलं होतं, ते तिने गिळलं. "करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात पाट मांडला. सुगंधाने पदर पसरला आणि पद्मजाने बाळ त्यात टाकलं. बाळ हलकं होतं, शेवग्याच्या शेंगेएवढे पाय. सुगंधाने पदराचं टोक त्यांच्यावर ओढून घेतलं. रुक्मिणीबाईंनी कोंड्याचं सूप तिच्यापुढे सरकवलं.

"सांग नाव. तुमच्यातलं काहीही चालेल."

तुमच्यातलं. सुगंधाने ते टोक पुन्हा सोडून दिलं. ती बाळाच्या कानाशी वाकली, आणि सात वर्षांच्या संसारात जे नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"धोंडू."

"ते नको," पद्मजा एकदम म्हणाली. "ते तुझ्या मुलाचं आहे. दुसरं सांग. दगडू सांग, कोंडू सांग, काहीही."

"काहीही चालेल म्हणालात ना? मग हेच."

"आई, तुम्ही सांगा ना हिला."

रुक्मिणीबाईंचा चेहरा उतरला होता, पण त्या रीतीच्या पक्क्या होत्या. "तोंडातून निघालं ते निघालं. आता बदलू नये. घे मूल उचलून."

पद्मजाने मूल छातीशी धरलं. सुगंधाने कोंड्याचं सूप काखेत मारलं आणि जिन्याशी उभ्या असलेल्या नंदकुमारांकडे वळली.

"साहेब, एका अंगणात दोन धोंडू कसे चालतील, तुम्हीच सांगा. माझ्या मुलाला आजपासून शरच्चंद्र म्हणायचं. सगळ्यांनी."

नंदकुमारांनी चष्मा काढून पुसला. खोली सोडायला सांगायची तर बाळाचं नाव देणारी बाई दुखवायची, आणि ते आता त्या घरात कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. सुगंधाला ते नेमकं ठाऊक होतं. तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिने भांडी बेतानेच घासली.

संध्याकाळी दत्ताराम कामावरून आला तेव्हा त्याला अंगणातच सगळं कळलं होतं. ताट वाढलेलं तसंच राहिलं. त्याने कोपऱ्यातलं सूप पुढे ओढलं.

"त्येंनी हलका नाव मागल्यानी," तो म्हणाला, "आणि तू माझ्या बापाशीचा नाव दिलंस. कोंड्यात टाकलंस गे तू तेका."

"आधी त्यांनीच..."

"त्येंका काय म्हायत माझो बापूस? तुका म्हायत होतो."

 कर्णिकांनी नुसतं हलकं नाव मागितलं होतं. सुगंधाने सासऱ्याचं नाव हलकं आहे असं भर अंगणात, पाटावर बसून, शिक्का मारून दिलं होतं. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो नेमका कुणाचा ते ठरवता येईना. कोंडा तिने सकाळी शेजाऱ्यांच्या म्हशीला घातला.

महिना गेला. कर्णिकांचं बाळ अंग धरू लागलं. पद्मजा सुरुवातीला त्याचं नाव कुजबुजत घेई, मग गॅलरीत उभी राहून घेऊ लागली, यमाला ऐकू जावं म्हणून. सुगंधाच्या मुलाला मात्र कर्णिकांकडे कुणीच कुठल्याच नावाने हाक मारीनासं झालं. घरी दत्ताराम त्याला धोंडूच म्हणे, आणि सुगंधाच्या तोंडूनही सवयीने अजून 'झिला'च निघे.

एका संध्याकाळी सुगंधा नळावर बादली भरत होती. तिचा मुलगा भिंतीशी एकटाच गोट्या खेळत होता. वर गॅलरीत पद्मजा बाळाला खांद्यावर थोपटत फिरत होती.

"धोंडू," ती म्हणाली. "अरे धोंडू, इकडे बघ ना."

पोराने गोट्या टाकल्या आणि तो धावत जिन्याखाली गेला. "आलो बाई," तो वर बघून म्हणाला. "काय आणू?"

"तुला नाही रे," पद्मजा म्हणाली, आणि आत गेली.

तो तिथेच उभा राहिला. सुगंधाच्या हातातली बादली भरून वाहू लागली होती.

"शरच्चंद्र," तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "शरच्चंद्र, इकडे ये."

पोराने मान वळवून फाटकाकडे पाहिलं, कोण नवीन मुलगा आलाय ते बघायला.