एकोणिसाव्या पानावरचा काठ

मित्रांनो, माझ्या पाठीतल्या दोन्ही पिना गंजल्या आहेत, मुखपृष्ठाचा एक कोपरा कसरीने खाल्ला आहे आणि अंगाला अजून गांडुळांच्या डब्याचा वास येतो. मी गळाने मासे धरणाऱ्यांच्या एका मासिकाचा जुना अंक आहे. वर्ष सातवे, अंक चौथा. माझ्याबरोबर आठशे भावंडे छापली गेली. त्यांतली बहुतेक पुड्या बांधण्यात आणि काचा पुसण्यात खपली. मी उरलो. माझी कहाणी सांगतो, पण ती जरा पारखून घ्या. छापील आहे एवढ्यावर भाळू नका.

संशय मला जन्मापासूनच जडला. छापखान्यात यंत्र सुरू झाले की शेजारचा न्हावी वस्तरा वर धरून थांबायचा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या गालावर आपोआप नक्षी निघायची. अशा त्या हादऱ्यांत मी तयार होत होतो. माझ्या एकविसाव्या पानावर एका मास्तरांनी धरलेला मासा आहे. मास्तरांनी लिहून दिले होते, दोन वीत. संपादकांनी चष्मा पुसला आणि अडीच केले. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची ओळ भरेना, म्हणून त्याने ‘चांगला साडेतीन वीत’ केला. अंक हाती आल्यावर मास्तरांनी तो दोनदा वाचला, आणि त्या दिवसापासून त्यांनाही मासा साडेतीन वीतच आठवू लागला. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर घडले. तेव्हाच मी ओळखले की शाई वाळली म्हणजे गोष्ट खरी झाली असे नव्हे.

मला घरी नेले ते एका शिंपीकाकांनी. एकोणिसाव्या पानावर त्यांचाच लेख होता ना! ‘मोठा मासा कुठे बसतो’ असे त्याचे नाव. त्यात त्यांनी लिहिले होते की दगडी पुलाच्या खाली, वाकड्या झाडाच्या काठाला, पहाटे जाऊन बसा. शिंपीकाका स्वतः मात्र नेहमी समोर, पायऱ्यांच्या काठाला बसत.

गोंधळलात? मग आमच्या मासिकाची रीत ऐका. दुकानात उभ्याउभ्या फुकट अंक चाळून जाणारे पुष्कळ असत. आपली जागा त्यांच्या हाती लागू नये म्हणून लिहिणारा कधीच खरा काठ लिहीत नसे. लेखात जो काठ असेल, त्याच्या समोरच्या काठाला जायचे. नवा वर्गणीदार आला की एखादा जुना त्याला बाजूला घेऊन हे कानात सांगत असे. हा नियम कधी छापला नाही. छापला असता तर त्याचाही अर्थ उलटा लावावा लागला असता.

शिंपीकाकांना मात्र आपल्या हुशारीचे भारी कौतुक. त्यांनी माझ्या समासात पेन्सिलीने बारीक लिहून ठेवले : खरी जागा समोर.

पुढची वर्षे सुखाची गेली. दर सुट्टीला मी त्यांच्या पिशवीतून नदीवर जायचो. कधी बसायला, कधी वारा घ्यायला, कधी उन्हात डोक्यावर धरायला. मासा लागला की ते गळ्यातल्या टेपने त्याची लांबी आणि घेर घेत. त्यांचे मित्र पोस्टमन शेजारी बसून म्हणायचे की तुमच्या माशाची बाही दर आठवड्याला बोटभर वाढते. शिंपीकाका उत्तर द्यायचे की माप घेताना गिऱ्हाईक हलले. मग दोघे माझ्यातले तेच लेख पुन्हा वाचत आणि लिहिणाऱ्यांच्या थापांना मनापासून दाद देत.

मग मासिक बंद पडले. मी दुकानातल्या बटणांच्या डब्याखाली गेलो, डबा डगमगू नये म्हणून. आणि घरात जावई आला.

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. माणूस साधा, पण त्याला मासेमारीचा नाद लागला तो मोबाईलवर वाचून. तो मोबाईल माझ्याशेजारी ठेवला की मी अंग चोरून घ्यायचो. पान एकच आणि म्हणे त्यात जगातली सगळी मासिके! मला तर तो चेटकाचाच प्रकार वाटायचा. जावयाने त्यात विचारले की गढूळ पाण्यात कोणते आमिष लावावे, तर घटकाभरात एकवीस जणांनी उत्तरे दिली. त्यांतल्या किती जणांचे पाय कधी ओले झाले होते, देव जाणे. शिंपीकाका काज करता करता मान वर न काढता म्हणायचे, “जावईबापू, गळ पाण्यात टाकायचा असतो, काचेवर नाही.” तो बिचारा हसायचा. सासऱ्याने एकदा तरी ‘बरे जमले’ म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती. मला त्याच्या हसण्याचाही संशय यायचा. माझी खोडच ती.

एका सुट्टीच्या सकाळी शिंपीकाका दुकानातच होते, गणवेशांचे काम उरले होते म्हणून. मुलगी आली, तीच त्यांच्या जावयाची बायको. चेहरा नुसता फुललेला. तिने सांगितले की पोस्टमनकाकांनी त्यांच्याकडच्या जुन्या अंकांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकलेत. त्यात बाबांचा लेखही आहे. आपला नवरा तो वाचून पहाटेच एकटा नदीवर गेलाय, मोठा मासा आणून बाबांना चकित करायला.

शिंपीकाकांची कात्री कापडातच थांबली.

“कुठल्या काठाला?”

“तुम्ही लिहिलंय त्याच. वाकड्या झाडाच्या.”

मित्रांनो, माझ्या लहानपणी तो काठ निव्वळ रिकामा होता. तिथे मासा नव्हता आणि धोकाही नव्हता. पण नदीने मधल्या वर्षांत अंग बदलले. आता तिथे वरून कोरडी खपली दिसते आणि खाली पुरुषभर गाळ आहे. गेल्या वर्षी एक बैल रुतला होता, तो काढायला दुपार झाली. नदीवर नेहमी बसणाऱ्यांना हे ठाऊक होते. मोबाईलमधल्या पानाला कुठून ठाऊक असणार?

“फोन लाव त्याला.”

“वाजतोय, पण उचलत नाहीत. बाबा, झालंय काय? जागा तर तुम्हीच सांगितलीय.”

त्यांनी डबा सरकवून मला ओढून काढले आणि एकोणिसावे पान तिच्यासमोर धरले. तिने समासातली पेन्सिल वाचली.

“म्हणजे लेख खोटा आहे?”

“खोटा नाही, उलटा आहे. सगळ्यांना माहीत होतं.”

“सगळे म्हणजे कोण, बाबा?”

ते सगळे आता पाच-सहाच उरले होते, आणि त्यांतल्या एकाकडून, त्या पोस्टमनकडून, लेख जगापुढे मांडताना कानात सांगायचे तेवढे राहूनच गेले होते.

त्यांनी मांजरपाटाचे अख्खे ठाण उचलले, मला काखेत मारले आणि मुलीच्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत मी मोबाईलला शिव्या घालत होतो. मग माझ्या लक्षात आले की त्याने एक अक्षरही पदरचे घातलेले नाही. थाप माझी होती. त्याने ती फक्त इमानाने पोचवली.

जावई छातीपर्यंत गाळात होता. गळाची काठी आडवी टाकून त्याने तिच्यावर दोन्ही हात पसरले होते. मुलीने पुन्हा फोन लावला, तसा त्याच्या खिशातला मोबाईल गाळाखाली वाजू लागला आणि चिखलातून लग्नातल्या बँडसारखे दबलेले गाणे येत होते. शिंपीकाकांनी कापड फेकले, ते चार हात अलीकडे पडले. पुन्हा फेकले, वाऱ्याने उडाले. मग त्यांनी माझी घट्ट गुंडाळी केली, कापडाच्या टोकाला गाठ मारून मला बांधले आणि डोक्यावरून फिरवून भिरकावले. जन्मभर गळांची माहिती अंगावर वागवली, त्या दिवशी मीच गळ झालो. जावयाच्या नाकासमोर जाऊन आदळलो. त्याने मला दोन्ही हातांनी धरले, कापड मनगटाला गुंडाळले, आणि बाप-लेकीने झाडाला पाय रोवून ओढायला सुरुवात केली. पाऊण तास लागला. बाहेर आला तो पाच फूट सात इंच होता, आणि हे माप कुणी वाढवून सांगितलेले नाही.

धाप लागलेल्या जावयाने पहिली गोष्ट विचारली ती ही : “बाबा, माझं वाचण्यात काही चुकलं का?”

शिंपीकाका बराच वेळ त्याच्या पायांवरचा चिखल हाताने निपटत राहिले.

“नाही. तू बरोबर वाचलंस. मी चुकीचं लिहिलं.”

त्याच दिवशी त्यांनी मुलीकडून त्या लेखाखाली लिहून घेतले की ही जागा खोटी आहे, मीच लिहिली होती, तिकडे जाऊ नका, जीव जाईल. खरी जागाही सांगून टाकली, पायऱ्यांच्या काठाची. इतकी वर्षे जी बायकोलाही सांगितली नव्हती ती.

आणि गंमत पाहा. कुणाचा विश्वासच बसेना. खाली एकाने लिहिले, ‘म्हातारा जागा लपवतोय.’ दुसऱ्याने लिहिले, ‘एवढे अडवतायत म्हणजे तिथेच मोठा मासा असणार.’ पोस्टमननी हात जोडून लिहिले, तर त्यांनाही सामील ठरवले. मग काठावर पाटी लावली. पाटीपाशी उभे राहून लोक एकमेकांना डोळे मारू लागले. आमच्या मासिकाने वाचकांना जे वर्षानुवर्षे शिकवले होते, ते आता न शिकवताच सगळ्यांना यायला लागले होते.

शेवटी शिंपीकाकांनी एकच उपाय उरला तो केला. आता दर सुट्टीला पहाटेपासून ते वाकड्या झाडाखाली, खपलीच्या अलीकडे, माझ्यावर बसून असतात. गळ बरोबर नेत नाहीत. गळ दिसला तर लोकांना वाटेल, मासा आहे. कुणी आला की त्याला जवळच्या बांबूने गाळाची खोली दाखवतात आणि परत पाठवतात. समोर पायऱ्यांवर जावई बसतो. त्याला मासे लागतात. तो ते वर धरून दाखवतो आणि शिंपीकाका इकडून मान हलवतात. कधीकधी ओरडून सांगतातही, “बरं जमलं.”

मी आता भिजून फुगलो आहे. माझ्या पानांना बुरशी धरते आहे. म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरात माझी भावंडे असतील तर त्यांना उन्हात वाळवा, कोरड्या जागी ठेवा आणि त्यांच्या समासात कुणी काही लिहिले आहे का ते बघा. कागदावर वाचा नाहीतर काचेवर वाचा, पण लिहिणारा माणूस जवळपास असेल तर उठून त्याला जाऊन विचारा. आणि एखाद्या काठावर गळ न टाकता बसलेला म्हातारा हात हलवून परत जा म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याचे म्हणणे खरे आहे. माझ्यावर नाही, निदान त्याच्यावर तरी विश्वास ठेवा.